पहिला स्पिन नऊ डायमंडला

कन्ना_चौक (धागाकर्ता)

मंडळी, माझं सोलापूरच्या पूर्व भागात मोबाईल रिचार्जचं छोटं दुकान आहे. सिमकार्ड, चार्जर, स्क्रीनगार्ड, वीजबिल, आणि गेल्या काही वर्षांत खप वाढलेली आणखी एक गोष्ट म्हणजे प्ले स्टोअरचे रिडीम कोड. पोरं त्याला ‘गेमचा रिचार्ज’ म्हणतात. रोख पैसे द्यायचे, मी माझ्या ॲपमधून कोड काढून देतो, पोरगं तो फोनमध्ये टाकतं आणि त्याचे डायमंड, म्हणजे गेममधलं चलन, घेतं. ८० रुपयांच्या कोडमागे मला दोन-अडीच रुपये सुटतात. यात काही वावगं आहे असं माझ्या मनात आजवर आलं नव्हतं.

आमच्या गल्लीत एक मुलगा आहे, आठवीतला. आई घरी विड्या वळते. तो येतो रात्री दहानंतर, मी शटर अर्धं खाली ओढलेलं असतं तेव्हा. “अण्णा, एक ऐंशीचा.” नोटा दहा-दहाच्या, चार घड्या घातलेल्या. गेल्या महिन्यात त्या मोजताना बोटांना तंबाखूची भुकटी लागली. आईच्या सुपाखालून आलेल्या नोटा होत्या त्या. माझी आजी जन्मभर विड्या वळायची, मला तो वास कुणी सांगायला नको.

त्या रात्री मी कोड दिला. ते मला अजून खातंय.

दुसऱ्या दिवशी वही काढून बसलो. चार महिन्यांत तो ३७ वेळा आला होता, एकूण २,९६० रुपये. संध्याकाळी त्याला स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, मला दाखव तरी तू काय घेतोस. रागावण्याऐवजी कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर पोरगं खुललं. त्यानं एक चक्र दाखवलं. चक्रात दहा वस्तू. नको असलेल्या दोन आपण निवडून काढायच्या, उरतात आठ. मग स्पिन. मिळालेली वस्तू पुन्हा येत नाही, म्हणजे आठव्या स्पिनपर्यंत हवी ती वस्तू मिळणारच. पहिला स्पिन ९ डायमंडला. म्हणजे सात रुपये आणि वर काही पैसे. दुसरा १९. मग ३९, ६९, ९९, १४९, १९९, आणि शेवटचा ४९९.

मी कॅल्क्युलेटर घेतला. बेरीज १,०८२. ऐंशी रुपयांना १०० डायमंड, म्हणजे ११ कोड, ८८० रुपये. अकरा कोडांचे डायमंड होतात ११००. सगळं झाल्यावर खात्यात उरतात १८. नवीन चक्र आलं की त्या १८ मध्ये पहिला स्पिन होतो, उरतात ९, आणि दुसऱ्याला लागतात १९.

हे त्यानं मला सांगितलं तसं नाही, मी त्याच्यासमोर मांडलं. तो बघत राहिला. म्हणाला, “अण्णा, पण ते अठरा तर वाया जातात ना, म्हणून पुन्हा भरावं लागतं.”

त्याला हवं होतं चक्रातलं एक जॅकेट, गेममधल्या त्याच्या खेळाडूला घालायला. मी विचारलं, त्या जॅकेटनं गोळी लागत नाही का? नेम चांगला लागतो का? तर तसं काहीच नाही. नुसतं जॅकेट. मग कशाला? यावर त्याचं उत्तर असं होतं: “साध्या कपड्यात गेलं की स्क्वॉडमध्ये, म्हणजे टीममध्ये, घेत नाहीत अण्णा. काय बे, अजून फुकटच्याच कपड्यात फिरायलास, म्हणतात. आवाज बंद करतात माझा.”

मला गेमची नावं किंवा बंदीच्या बातम्या नकोत. हे यंत्र आतून कसं चालतं ते कुणी नीट सांगेल का? आणि माझ्यासारख्या दुकानदारानं काय करावं?

*

जुळे_सोलापूरकर

सरकारने २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगवर बंदीच घातली ना? मग हे कसं चालू आहे?

*

रात्रपाळी

मी मूळचा सोलापूरच्या बुधवार पेठेतला, आता पुण्यात. मोबाईल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. आमच्याकडे ‘दुकानाचा पडदा’, म्हणजे गेममधलं खरेदीचं पान, सांभाळणारी वेगळी टीम असते, तीन वर्षं मी त्यात होतो. धागा वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या ९ डायमंडांत कुणालाच पैसे कमवायचे नसतात. ज्यानं आजवर एक रुपयाही दिला नाही, त्याच्या हातून पहिला रुपया सुटावा एवढंच त्याचं काम. एकदा दिलेला माणूस पुन्हा देतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पाठांतर. म्हणून पहिल्या खरेदीवर दुप्पट डायमंड, म्हणून सात रुपयांचा स्पिन.

आता तुमचीच बेरीज पुढे न्या. सहा स्पिन झाले की ३८४ गेलेले असतात. हवं ते जॅकेट अजून मिळालेलं नाही. इथे थांबलं तर ३८४ बुडाले असं वाटतं. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की मिळालेल्या शंभराचा आनंद आणि गेलेल्या शंभराचं दुःख सारख्या वजनाचं नसतं, दुःख जड असतं. चक्राच्या किमती त्या जडपणावर बेतलेल्या आहेत. एकूण १,०८२ पैकी ४९९, म्हणजे शेकडा ४६, एकट्या शेवटच्या स्पिनला लागतात. आणि आठही वस्तू निघण्याची शक्यता सारखी असते असं कृपया समजू नका. प्रत्येक वस्तूला आतून वेगळं वजन लावता येतं.

बक्षीस कधी येईल हे कळत नसलं की हात थांबत नाही, हे स्किनरनं कबुतरांवर दाखवलं. फर्स्टरबरोबरचं त्याचं जाडजूड पुस्तक १९५७चं आहे. ठरावीक टोचीला दाणा मिळाला तर कबुतर मध्ये विसावा घेतं. कधी तिसऱ्या, कधी चाळिसाव्या टोचीला मिळाला तर ते टोचतच राहतं. आम्हाला हे कामावर लागल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवतात.

रुपयाचे डायमंड का करायचे? कारण दहाची नोट सोडताना हात जड होतो, १९ डायमंड सोडताना होत नाही. आणि पॅकचे आकडे आणि वस्तूंच्या किमती मुद्दाम जुळवलेल्या नसतात. तुमचे ते उरलेले १८ हा योगायोग नाही.

हे सगळं एकदम आलं नाही. पूर्वी गेम म्हणजे एकदा पैसे देऊन घ्यायची सीडी. २००६ साली ऑब्लिव्हियन या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, तेव्हा लोक चिडले होते. २००९ मध्ये फेसबुकवर फार्मव्हिल आलं. त्यात वेळेवर नाही गेलात तर पीक सुकायचं. माणसाला परत आणायला आनंदापेक्षा नुकसानीची धास्ती जास्त कामाला येते, हे तिथून सगळ्यांनी उचललं. २०१२च्या कँडी क्रशमध्ये पाच जीव, गेलेला एक जीव भरून यायला अर्धा तास. थांबा, नाहीतर मित्राकडे मागा, नाहीतर पैसे द्या.

आता स्क्वॉडमध्ये न घेण्याबद्दल. बहुतेक खेळाडू कधीच पैसे देत नाहीत आणि कंपनीला त्याचं दुःखही नसतं, कारण ते प्रेक्षक आहेत. वरातीत बघणारेच नसतील तर घोड्यावर कोण बसेल? फुकट खेळणारा पोरगा लॉबीत, म्हणजे मॅचआधी सगळे जमतात तिथे, उभा असतो म्हणून बाजूच्याच्या जॅकेटला किंमत येते. ॲक्टिव्हिजन कंपनीला ऑक्टोबर २०१७ मध्ये एक पेटंट मिळालं. त्यात असं लिहिलंय की नवख्याला मुद्दाम अशा मुरलेल्या खेळाडूबरोबर जोडायचं, ज्याच्याकडची वस्तू बघून त्याला ती घ्यावीशी वाटेल. त्यानं ती घेतली की पुढची मॅच अशी द्यायची, जिथे ती वस्तू उपयोगी पडेल. कंपनी म्हणाली की आम्ही हे कुठल्या गेममध्ये वापरलेलं नाही. पण हा विचार कुणीतरी बसून, आकृत्या काढून, सरकारदरबारी नोंदवला होता, हे मला विसरता येत नाही.

*

होम_मैदान

माहिती चांगली आहे, पण गड्ड्याच्या जत्रेत रिंग टाकायचे स्टॉल आपण लहानपणापासून बघतोय. रिंग जेमतेम बसेल एवढाच साबण, मागे घड्याळ मांडलेलं, पोरं खिसा रिकामा करूनच घरी येतात. बंदुकीनं फुगे फोडायचं तेच. माणसाला पैसे लावून नशीब बघायला आवडतं. यात मोबाईलला वेगळा दोष कशाला?

*

रात्रपाळी

@होम_मैदान, मीही त्या स्टॉलवर संक्रांतीचे पैसे घालवलेत, त्यामुळे मनापासून उत्तर देतो. रिंगवाल्याला तुम्ही समोर बघता. रिंग केवढी, साबण केवढा, हे दिसतं. बाजूच्याची रिंगही पडत नाहीये, हेही दिसतं. गड्डा उठला की स्टॉल वर्षभर गायब. आणि रिंगवाल्याला हे माहीत नसतं की तुम्ही काल कितव्या रिंगला रडकुंडीला आला होतात, तुमची आई कधी झोपते, आणि कुठल्या मित्राकडे ते घड्याळ आहे. गेमला यातलं बरंच काही तुमच्या बोटांवरून कळतं, आणि त्याप्रमाणे तो उद्याचं दुकान मांडतो. हरल्यानंतर लगेच दिसणारी ऑफर आणि जिंकल्यानंतरची ऑफर वेगळी असते. ते कोष्टक मी स्वतः भरलेलं आहे.

*

पटावरची_शाई

मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते. कन्ना_चौक, तुमचा हिशोब मी आज सातवीच्या फळ्यावर लिहिला. कुणाचंही नाव न घेता, नुसते आठ आकडे. बेरीज करा म्हटलं. वर्गात एकदम शांतता झाली, मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “बाई, हे आमच्याकडं पण आहे.” मुलगी, बरं का. फक्त मुलगेच खेळतात असं समजून आपण अर्ध्या वर्गाकडे बघतच नाही.

मला एका गोष्टीवर बोलायचंय. डेसी आणि रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या तीन गरजा सांगितल्यात: माझं मी ठरवलं, मला जमलं, मी कुणाचातरी आहे. रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये व्हिडिओ गेमना हीच मोजपट्टी लावली आणि दिसलं की गेम या गरजा भागवतात म्हणून ते आवडतात. म्हणजे मुलं मूर्खपणानं खेळत नाहीत. भूक खरी आहे.

आता ते चक्र बघा. दहातल्या दोन वस्तू तू काढ, असं का सांगतात? त्या दोन नसत्याच ठेवल्या तर काय बिघडलं असतं? पण मुलाला वाटतं की मी ठरवलं. लेव्हल वर जाते, मला जमलं. स्क्वॉड आहे, मी कुणाचातरी आहे. आमच्या शाळेत दिवसभरात एखाद्या मुलाला यातलं काय मिळतं, हे मी आज घरी येताना मोजत होते. चाळीस मिनिटांच्या तासाला साठ मुलं. ‘तुला जमलं’ हे मी आज किती जणांना म्हणाले? चौघांना.

*

डिफॉल्ट_स्किन

नमस्कार. मी वीस वर्षांचा आहे, बीकॉमला. लॉकडाऊनपासून खेळतोय, आजवर शून्य रुपये. डिफॉल्ट स्किन म्हणजे गेममधले फुकटचे कपडे, आयडी त्यावरूनच घेतलाय.

वर सगळ्यांनी बरोबर लिहिलंय, पण आतून कसं वाटतं ते मी सांगतो. लॉकडाऊनमध्ये वडिलांचे माग बंद होते. आमची एकच खोली. वडील दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. तेव्हा बार्शीचा एक, अक्कलकोटचा एक, आमच्या शेजारचा एक आणि मी, असा आमचा स्क्वॉड झाला. रात्री हेडफोन लावला की मी त्या खोलीत नसायचो. त्या पोरांनी मला सांभाळलंय, हे मी कधी नाकारणार नाही. आणि एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा असताना, पत्र्याखाली राहणारं पोरगं दुपारी कुठल्या मैदानावर जाणार?

पण त्याच मैत्रीला गेमनं कामाला लावलं होतं. गिल्डला, म्हणजे गेममधल्या आमच्या मंडळाला, रोज ठरावीक पॉइंट लागायचे. एकानं दांडी मारली की सगळ्यांचं बक्षीस जायचं. बारावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री मी पॉइंट भरत बसलो होतो, कारण बार्शीवाल्याचं बक्षीस माझ्यामुळं गेलं असतं. मला गेमची ओढ नव्हती त्या रात्री, मित्राला तोंड कसं दाखवू ही काळजी होती. पैसे न देणाऱ्याकडून ते असे वसूल होतात, वेळेनं. नंतर आम्ही चौघांनी ठरवून गिल्ड सोडला. आता महिन्यातून एकदा नवी पेठेत भेटतो. गेम अजून खेळतो, पण कोण आलं नाही तर कुणाचं काही जात नाही.

कन्ना_चौक अण्णा, त्या मुलाला माझ्याबरोबर खेळायला पाठवा. आमच्याकडं कपडे बघत नाहीत.

*

शेंगाची_पोळी

मी पन्नाशीची बाई, गोळ्या जुळवायचा गेम खेळते. आई गेल्यानंतर दुपार खायला उठायची. तेव्हा सुरू झालं. एकदा शेवटच्या एका चालीवर हरले आणि ‘पाच चाली अजून घ्या’ आलं. घेतल्या. नंतर बँकेच्या मेसेजमध्ये महिन्याचे बाराशे निघाले. जिंकायचं नव्हतं मला, नुसतं ते अर्धवट सोडवत नव्हतं. लहान मुलांचाच विषय नाही हा, म्हणून लिहिलं.

*

सात_रस्ता_वकील

@जुळे_सोलापूरकर, गैरसमज होऊ नये म्हणून. ऑनलाइन गेमिंगचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. त्याचा निशाणा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे: रमी, पोकर, पैशांच्या फँटसी लीग वगैरे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळांना त्याच कायद्यात प्रोत्साहन आहे. या मुलाच्या चक्रातून पैसे परत मिळत नाहीत, फक्त जॅकेट मिळतं. त्यामुळे सर्वसाधारणपणे ते त्या व्याख्येत बसत नाही. पैसे परत मिळण्याची आशासुद्धा नाही, म्हणून कायद्याच्या बाहेर! हे मला फार अस्वस्थ करतं.

इतर देशांनी वेगळा विचार केलाय. जपानने २०१२ मध्येच, तुकडे तुकडे जमवून पूर्ण संच केला तरच मोठं बक्षीस मिळेल, अशी ‘गाचा’ (पैसे देऊन नशिबाने वस्तू काढायची) पद्धत बंद पाडली. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवलं. अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबरच्या तडजोडीत फोर्टनाइट गेमच्या एपिक गेम्स कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. त्यातले २४.५ कोटी फसव्या बटणांपायी झालेल्या नको त्या खरेद्यांच्या परताव्यासाठी होते. जानेवारी २०२५ मध्ये गेन्शिन इम्पॅक्ट या गेमच्या कंपनीला २ कोटी डॉलर भरावे लागले, शिवाय पालकांच्या संमतीवाचून १६ वर्षांखालच्यांना पेट्या विकायला मनाई झाली.

आपल्याकडे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे १९०३ च्या मोहरी बीबी खटल्यापासून पक्कं आहे. पण रोखीने घेतलेल्या कोडचा करार कुणी कुणाशी केला, हे कोर्टात उभं करायला ८८० रुपयांसाठी कोण जाईल? घरच्या फोनवर खरेदी झाली असेल तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती लगेच करावी, आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सेटिंग चालू ठेवावी. कुणाचं खाणं-झोपणं सुटलं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही जानेवारी २०२२ पासून गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. अर्थात, खेळणारा प्रत्येकजण आजारी नसतो.

*

कन्ना_चौक (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. आठवडाभर लिहिता आलं नाही.

मी आता मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय मुलांना कोड देत नाही. दोन पोरं पुढच्या चौकातल्या दुकानात गेली, मला माहीत आहे. त्या दुकानदाराशी बोललो. तो म्हणाला, “मालक, मी नाही दिला तर तिसरा देईल.” काल त्याला धाग्यातला हिशोब कागदावर लिहून दिला. त्यानं तो काउंटरच्या काचेखाली ठेवलाय, चिकटवला नाही. बघू.

डिफॉल्ट_स्किन, मुलगा तुमच्याबरोबर खेळला. दुसऱ्या दिवशी मला सांगायला आला की तुम्ही त्याला गाडीत पुढं बसवलं आणि आवाज बंद केला नाही. ते सांगताना तो जॅकेटबद्दल काही बोलला नाही.

मग परवा आई आली. मुलानं स्वतःच घरी सांगितलं होतं. मी वही तिच्यापुढं ठेवली, दडवून ठेवणं मला जमलं नसतं. ३७ ओळी तिनं बोट ठेवून वाचल्या. ८८० चा हिशोब सांगितला तेव्हा म्हणाली, “चार-पाच दिवसांच्या विड्या झाल्या की हो ह्या.” मला वाटलं आता ती माझ्यावर चिडेल, आणि तो तिचा हक्क होता. चिडली नाही. पोराचा फोन पिशवीतून काढून माझ्यापुढं ठेवला. पडद्यावर डायमंडच्या चिन्हापुढं १८ आकडा होता.

“अण्णा, हे एवढे तरी परत घेता येतात का?”

नाही म्हणालो. माझ्या वाटणीचं जे सुटलं होतं, त्याचे शंभर रुपये काढून तिच्यापुढं ठेवले. तिनं घेतले नाहीत. म्हणाली, त्याला सुट्टीत दुकानात बसवून घ्या, हिशोब चांगला करतो तो.

सोमवारपासून येतोय.